पोहणारे मूल आणि घरची जबाबदारी

एप्रिल-मे महिन्यांत गावोगावच्या तरणतलावांवर मुलांची झुंबड उडते. पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुके भोपळे बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीची नातवंडे आता निळ्या फरशीच्या तलावात फळी धरून पाय मारायला शिकतात. सुट्टी संपते, शाळा सुरू होतात आणि बहुतेकांचे पोहणे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबते. मात्र दरवर्षी दोन-चार मुलांच्या बाबतीत प्रशिक्षक पालकांना बाजूला बोलावून सांगतात, "याचा हात चांगला आहे. स्पर्धेसाठी तयार करू या."

हे ऐकून आई-वडिलांना आनंद होणे स्वाभाविक आहे. पण त्या दिवसापासून सगळ्या घराचे वेळापत्रक बदलते, याची कल्पना फार थोड्यांना असते. पहाटे पाचचा गजर, स्कूटरवरून तलाव, तेथून शाळा, संध्याकाळी पुन्हा सराव, मग शिकवणी. गजर, फी, पोषाख, गॉगल यांची तयारी पालक उत्साहाने करतात. ज्या गोष्टींवर मुलाची प्रकृती आणि पुढची प्रगती अवलंबून असते, त्यांच्याकडे मात्र लक्ष जायला उशीर होतो. कधी खांदा दुखू लागल्यावर, कधी वजन घटल्यावर, तर कधी मुलाने "मला आता पोहायचेच नाही" असे जाहीर केल्यावर डॉक्टरांची आठवण होते.

एक मूलभूत गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. सरावाने शरीर आधी थकते. स्नायूंतील साठवलेली साखर संपते आणि तंतूंना सूक्ष्म इजा होते. ही झीज भरून निघताना शरीर पूर्वीपेक्षा थोडे अधिक बळकट होते. झीज तलावात होते, भरपाई मात्र घरी, ताटावर आणि अंथरुणात होते. शिवाय मूल वाढीच्या वयाचे असते. त्याला झीज भरून काढायची असते आणि उंची व वजनही वाढवायचे असते. म्हणून पोहणे सुधारणे हे प्रशिक्षकाचे काम आणि भरपाई पुरी होते की नाही हे पाहणे पालकांचे काम, अशी सरळ वाटणी करावी.

झोपेचे गणित

भरपाईतील सर्वांत मोठा वाटा झोपेचा. अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. आता आपल्या घरचे गणित मांडून पाहा. बारा वर्षांची मुलगी पहाटे पाचला उठत असेल, तर किमान नऊ तासांसाठी तिला रात्री आठला झोप लागायला हवी. प्रत्यक्षात शिकवणीहून ती साडेसातला येते, जेवण नऊला होते, गृहपाठ दहापर्यंत चालतो आणि झोपायला साडेदहा वाजतात. रोज अडीच तासांची तूट म्हणजे आठवड्याच्या सहा दिवसांत पंधरा तास. रविवारी उशिरापर्यंत झोपू दिल्याने ती भरून निघत नाही.

झोप कमी पडली की मूल चिडचिडे होते, वर्गात डुलक्या घेते, वारंवार सर्दी-खोकल्याने आजारी पडते आणि दुखापतीची शक्यता वाढते. अशा वेळी पालकांना वाटते सराव कमी पडतो, म्हणून आणखी एक पहाट वाढवली जाते. हे उलट टोक होय.

यावर उपाय घरातच आहे. पोहणाऱ्या मुलाचे रात्रीचे जेवण साडेसातपर्यंत व्हावे, मग घरातील मोठ्यांचे नंतर झाले तरी चालेल. गृहपाठाचा काही भाग सराव आणि शाळा यांमधल्या वेळेत उरकावा. झोपेच्या तासभर आधी टीव्ही आणि मोबाईल बंद असावेत. दुपारी अर्धा-पाऊण तास पडता आले तर उत्तम. एवढे करूनही हिशेब जुळत नसेल, तर प्रशिक्षकांशी मोकळेपणाने बोलून आठवड्यातील दोन पहाटेचे सराव कमी करावेत. दहा-बारा वर्षांच्या मुलाने अर्धवट झोपेत केलेल्या सहा सरावांपेक्षा पुरेशा झोपेनंतरचे चार सराव त्याच्या अंगी अधिक लागतात.

ताटात काय असावे?

पहाटे उपाशीपोटी पाण्यात उतरणे आणि मग थेट शाळेत जाऊन मधल्या सुट्टीपर्यंत काही न खाणे, ही आपल्याकडील पोहणाऱ्या मुलांची नेहमीची तऱ्हा. इतक्या पहाटे मुलांना भूक नसते, हे खरे. तरीही सरावाच्या अर्धा तास आधी एखादे केळे, दोन-तीन खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू एवढे तरी पोटात जावे. सराव संपल्यावर तासाभराच्या आत पोटभर न्याहारी व्हावी. घरी परतण्याइतका वेळ नसेल तर डबा तलावावरच न्यावा. पोहे आणि उकडलेले अंडे, थालीपीठ आणि दही, नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी आणि उसळ, इडली आणि दूध यांपैकी काहीही चालेल. या पदार्थांत शक्ती देणारे पिष्टमय पदार्थ आणि झीज भरणारी प्रथिने दोन्ही असतात.

"सर, कोणती पावडर देऊ?" हा पालकांचा पेटंट प्रश्न. जोरदार सराव करणाऱ्या मुलाला दर किलो वजनामागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ४० किलो वजनाच्या मुलाला रोज ५० ते ६० ग्रॅम. दोन कप दुधातून सुमारे १३ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२, वाटीभर घट्ट वरणातून ५ ते ६, वाटीभर उसळीतून ७, चार-पाच पोळ्यांतून १२ ते १४, वाटीभर दह्यातून ४ आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम मिळतात. ही बेरीज साठीच्या आसपास जाते. अंडे न खाणाऱ्यांनी पनीर, सोयाबीन किंवा आणखी एक वाटी डाळ वाढवावी. एवढे अन्न रोज पोटात जात असेल तर महागड्या डब्याची गरज नाही.

पावडरींबाबत आणखी एक धोका आहे. बाजारातील काही पूरक पदार्थांत वेष्टनावर न लिहिलेले घटक आढळलेले आहेत आणि त्यांपैकी काही उत्तेजकांच्या बंदी यादीत येतात. चाचणीत दोष आढळला तर "आम्हाला ठाऊक नव्हते" ही सबब खेळाडूला वाचवत नाही. खोकल्याची व सर्दीची औषधेदेखील मूल स्पर्धेत उतरते हे डॉक्टरांना सांगूनच घ्यावीत.

लोहाची कमतरता हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी मिळतो. अशी मुलगी पहिली ५० मीटर छान पोहते आणि पुढे ढेपाळते. "हिच्यात जिद्द नाही," असा शिक्का मारण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्यावे. पालेभाज्या, कडधान्ये, अळीव, खारीक आहारात असावीत, सोबत लिंबू किंवा पेरू असावा आणि जेवणाबरोबर चहा देऊ नये. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्याव्यात.

पाण्यात येणारा घाम

पाण्यात असल्यामुळे घाम दिसत नाही, म्हणून तो येतच नाही असा समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. जोरात पोहताना शरीर तापते आणि घामही येतो. उन्हाळ्यात, दुपारच्या सरावात तो अधिकच येतो. मुलाची पाण्याची बाटली घरी किंवा दप्तरात न राहता तलावाच्या काठावर असावी आणि विश्रांतीच्या वेळी दोन-चार घोट घ्यायची सवय लावावी. साधे पाणी पुरेसे आहे. सराव तासाभराहून लांबला तर चिमूटभर मीठ व साखर घातलेले लिंबूपाणी किंवा ताक द्यावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

खांदा दुखू लागला तर

एक हिशेब करून पाहू. २५ मीटरच्या तलावात ३ किलोमीटरचा सराव म्हणजे १२० फेऱ्या. एका फेरीत दोन्ही हात मिळून वीस वेळा फिरतात असे धरले, तर एका सरावात प्रत्येक खांदा १२०० वेळा फिरतो आणि सहा दिवसांत ७२०० वेळा. इतक्या वेळा डोक्यावरून फिरणाऱ्या सांध्यातील स्नायुबंध चोळले जाऊन सुजतात. जलतरणपटूंमध्ये सर्वाधिक आढळणारी तक्रार हीच.

सुरुवातीला खांदा फक्त सरावानंतर दुखतो. दुर्लक्ष केले तर सराव चालू असतानाही दुखतो आणि त्याहीपुढे रात्री कुशीवर झोपले तरी दुखू लागतो. पहिल्या पायरीवर काही दिवसांची विश्रांती, शैलीतील सुधारणा आणि खांद्याच्या मागील स्नायूंचे व्यायाम यांवर भागते. तिसऱ्या पायरीवर कित्येक महिने जाऊ शकतात. म्हणून "थोडे दुखणारच, सहन कर" हे वाक्य खांद्याच्या बाबतीत कधीही उच्चारू नये. दुखऱ्या खांद्याला मालिश करून किंवा वेदनाशामक गोळी देऊन पाण्यात उतरवणे तर सर्वथा चूक. हाताला लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, ज्यांना पॅडल म्हणतात, त्यांनी खांद्यावरचा भार वाढतो. दुखत असताना त्या वापरू नयेत. ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांचा गुडघा आतल्या बाजूने दुखतो, त्यालाही हाच नियम लागू.

वर्षभर एकच खेळ आणि एकच हालचाल हेदेखील दुखापतीचे एक कारण आहे. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून एकूण तीन महिने, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत, मुख्य खेळापासून विश्रांती असावी, असा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा २०१६ चा सल्ला आहे. बहुतेक खेळांत पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला वाहून घेऊ नये, असेही ही अकादमी सांगते. विश्रांतीच्या काळात मुलाला खो-खो, सायकल किंवा नुसते मैदानावरचे हुंदडणे करू द्यावे.

कान, डोळे, त्वचा आणि दमा

पोहणाऱ्यांचा कान दुखणे ही नित्याची बाब. बाह्य कानात पाणी साचून त्वचा मऊ पडते आणि तेथे जंतू वाढतात. कानाची पाळी ओढली किंवा कानासमोरचा भाग दाबला तर कळ येते, ही त्याची खूण. सरावानंतर डोके दोन्ही बाजूंना कलते करून पाणी निघू द्यावे आणि टॉवेलने बाहेरून कान टिपावा. काडी, केसांची पिन किंवा कापूस गुंडाळलेली काडी आत घालू नये. आपल्याकडे कान दुखला की कोमट तेल घालण्याची पद्धत आहे, ती कटाक्षाने टाळावी. पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाऊन त्रास वाढतो. कान बरा झाला असे डॉक्टरांनी सांगेपर्यंत पाण्यात उतरू नये.

तलावावर येणारा उग्र वास हा पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा मानला जातो. प्रत्यक्षात पाण्यातील क्लोरीनचा घाम आणि लघवी यांच्याशी संयोग होऊन जी द्रव्ये बनतात, त्यांचा तो वास असतो. डोळ्यांची जळजळ आणि खोकलाही बहुतांशी त्यांच्यामुळेच होतो. प्रत्येकाने साबण लावून आंघोळ करूनच पाण्यात उतरावे, या नियमामागे हे कारण आहे. पाण्यातील मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम असावे आणि पाण्याचा पीएच ७ ते ७.८ च्या दरम्यान असावा. तलावावर याची नोंदवही ठेवलेली असते का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवून टोपी घातली तर ते कमी राठ होतात. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होऊ नयेत म्हणून बेचके कोरडे पुसावेत आणि तलावाच्या काठावर स्वतःच्या चपला वापराव्यात. डोळे आले असतील, ताप असेल, जखम वाहत असेल किंवा जुलाब होत असतील तर सराव बंद ठेवावा. जुलाब असताना पाण्यात उतरणारे मूल इतर मुलांनाही आजारी पाडते.

दमा असलेल्या मुलाने पोहू नये, हा समज आता मागे पडला आहे. पाण्यालगतची दमट हवा अशा मुलांना बहुधा मानवते. मात्र बंदिस्त, वारा न खेळणाऱ्या तलावात त्रास होऊ शकतो. श्वासातून घ्यायचा पंप नेहमी काठावर असावा आणि प्रशिक्षकांना त्याची माहिती असावी. साल्बुटामॉलचा पंप ठरावीक मर्यादेपर्यंत खेळाडूंना घेता येतो, त्यामुळे बंदीच्या भीतीने तो टाळू नये.

वयात येताना

मुलींची उंची सर्वांत झपाट्याने साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी वाढते, मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी. पण हे वय मुलागणिक दोन-दोन वर्षांनी पुढेमागे होते. बारा वर्षांच्या गटात एक मुलगा मिसरूड फुटलेला आणि दुसरा अगदी लहानखुरा दिसतो, तो त्यामुळेच. लवकर वाढलेला मुलगा त्या वर्षी पदके नेतो. उशिरा वाढणारा मागे पडतो आणि नेमका त्याच वेळी घरात "तुझ्याच वयाचा आहे ना तो?" हा प्रश्न ऐकतो. दोन-तीन वर्षांनी चित्र पालटू शकते, पण तोपर्यंत त्याने पोहणे सोडलेले असते. ऑलिम्पिकची 'अ' दर्जाची पात्रता वेळ गाठणारे पहिले भारतीय जलतरणपटू साजन प्रकाश यांनी ती २०२१ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आणि मानेच्या दुखापतीतून सावरल्यावर गाठली. बाराव्या वर्षीच्या निकालावरून कोणाचेही भविष्य ठरवू नये.

मुलींच्या बाबतीत या वयात शरीराची ठेवण बदलते आणि वेळेत होणारी सुधारणा काही काळ थांबल्यासारखी होते. हे नैसर्गिक आहे. यावर उपाय म्हणून तिचे जेवण कमी करणे अत्यंत घातक. "जाड झालीस, म्हणून मागे पडतेस," असे पोषाखातल्या मुलीला सगळ्यांदेखत बोलणारा मनुष्य, तो प्रशिक्षक असो वा नातेवाईक, तिचे नुकसान करतो. शरीराला लागणाऱ्या शक्तीपेक्षा खाणे सतत कमी पडले तर पाळी थांबते आणि हाडे कमकुवत होतात. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल किंवा आलेली पाळी तीन महिने चुकली असेल, तर "खेळाडूंचे असेच असते" म्हणून सोडून न देता तपासणी करावी.

पाळीच्या दिवसांत पोहण्याने कोणतेही नुकसान होत नाही. पाण्यात साधे पॅड उपयोगी पडत नाही, त्यासाठी टॅम्पॉन किंवा मासिक पाळीचा कप वापरता येतो. मुलीची त्याला तयारी नसेल तर त्या दिवशी काठावरचे व्यायाम करावेत. हा विषय आईने आधीच, साध्या शब्दांत बोलून ठेवावा. प्रशिक्षकांना "आज पाळी आहे" हे सांगता येईल असे वातावरण नसेल, तर मुली खोटी कारणे सांगून सराव बुडवतात आणि हळूहळू तलावच सोडतात.

याच ओघात एक नाजूक पण आवश्यक गोष्ट. मूल कमी कपड्यांत असते, शैली शिकवताना प्रशिक्षकाचा हात लागतो, कपडे बदलण्याच्या खोल्या सामाईक असतात. कोणता स्पर्श शिकवण्याचा आणि कोणता नको असलेला, हे मुलगा-मुलगी दोघांनाही समजावून सांगावे. सराव पालकांना पाहू दिला जातो का, दौऱ्यावर मुलींसोबत जबाबदार स्त्री असते का, हे विचारावे. मुलाने काही सांगितले तर प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवावा. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशा प्रकरणांत मुलांना संरक्षण दिले आहे आणि मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

श्वास रोखण्याची पैज

चांगले पोहता येणारी मुले पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याची पैज लावतात. हा खेळ जिवावर बेतू शकतो. बुडी मारण्यापूर्वी जोरजोरात श्वास घेतले की रक्तातील कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि श्वास घेण्याची इच्छाच उशिरा होते. तोवर प्राणवायू इतका घटतो की मूल कोणतीही सूचना न मिळता बेशुद्ध पडते. उत्तम पोहणारेही असे दगावले आहेत. स्पर्धेतसुद्धा फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सुरुवातीनंतर व वळणानंतर १५ मीटरपर्यंतच पाण्याखाली राहता येते. श्वास रोखण्याच्या पैजा घरी निक्षून बंद कराव्यात. मूल कितीही तरबेज असले तरी एकट्याने पोहू नये आणि खोली ठाऊक नसलेल्या पाण्यात सूर मारू नये.

स्पर्धेचा दिवस

स्पर्धा जवळ आली की प्रशिक्षक सराव हळूहळू कमी करतात. "ऐन वेळी ढिलाई का?" म्हणून पालक घाबरतात. पण हे मुद्दाम केलेले असते, जेणेकरून शरीर ताजे व्हावे. या दिवसांत नवा पदार्थ, नवा गॉगल, नवा पोषाख काहीही वापरून पाहू नये. स्पर्धेच्या दिवशी शर्यत मिनिटभराची आणि वाट पाहणे सहा तासांचे असते. दोन टॉवेल, कोरडे कपडे, स्वेटर, पाणी, केळी, इडली, गूळ-तुपाची पोळी एवढे बरोबर असावे. तलावाबाहेरचे वडे-सामोसे शर्यती संपल्यावर खावेत.

पालकांनी काठावरून सूचना ओरडू नयेत. पाण्यातल्या मुलाला त्या ऐकू येत नाहीत आणि प्रशिक्षकांनी सांगितलेल्यापेक्षा वेगळे काही सांगितले तर त्याचा गोंधळ उडतो. खरी परीक्षा परतीच्या प्रवासात असते. "हात का मंदावला? त्या मुलीने बघ कशी वळणे घेतली," ही उजळणी तेव्हा नको. तिला किंवा त्याला काय चुकले ते पक्के ठाऊक असते. "भूक लागली का?" हा प्रश्न पुरे. शर्यतीविषयी बोलायचे असेल तर मूल आपणहून बोलेल.

कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उतरला तेव्हा अवघ्या सोळा वर्षांचा होता. १९८६ मध्ये खजान सिंग यांनी सोलच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले होते. त्यानंतर २४ वर्षांनी, २०१० मध्ये ग्वांगझू येथे वीरधवलच्या कांस्यपदकाने जलतरणात भारताला पुन्हा आशियाई पदक दिले. पुढे तहसीलदाराची नोकरी सांभाळून तो परत तलावात उतरला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये त्याचे पदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. जिथे डोळ्याची पापणी लवायलाही याहून अधिक वेळ लागतो, तिथे त्या फरकावर घरातले हसणे-रुसणे ठरू नये. तेवीस ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या मायकेल फेल्प्सनेही आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितले आहे. पदकांच्या ढिगानेही मन आपोआप स्वस्थ होत नाही, हे त्यावरून कळते.

थांबायचे केव्हा?

एक साधी वही ठेवावी. त्यात रोज झोपेचे तास, भूक, दुखणे आणि मनःस्थिती यांची एका ओळीत नोंद करावी. सकाळी अंथरुणातच मोजलेले नाडीचे ठोकेही लिहावेत. ठोके अनेक दिवस नेहमीपेक्षा चढे राहिले, भूक मंदावली, झोप उडाली, वेळ सुधारण्याऐवजी घसरत गेली आणि मूल तलावाचे नाव काढताच गप्प होऊ लागले, तर शरीर विश्रांती मागते आहे असे समजावे. एक-दोन आठवड्यांच्या सुट्टीने हरवलेले परत येते. हट्टाने रेटलेल्या सरावाने मूल कायमचे दुरावते. ही वही मुलाला धाक दाखवण्यासाठी वापरू नये, डॉक्टर व प्रशिक्षक यांना दाखवण्यासाठी ठेवावी.

घरातील दुसऱ्या भावंडाचीही आठवण ठेवावी. सगळे घर एकाच्या सरावाभोवती फिरू लागले की दुसरे मूल मुकाट्याने मागे पडते. त्याच्या चित्रकलेच्या परीक्षेला किंवा शाळेच्या नाटकाला आई-वडिलांपैकी एकाने तरी हजर राहावेच.

दहावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण, शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण या चांगल्या सोयी आहेत. त्यांचा लाभ जरूर घ्यावा. पण स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचा स्पर्धात्मक प्रवास केव्हातरी थांबणारच आहे. तो सोळाव्या वर्षी थांबला तर एवढ्या वर्षांच्या पहाटे वाया गेल्या असे मानण्याचे कारण नाही. दुखरा खांदा, घटलेले वजन आणि पाण्याचा तिटकारा घेऊन मूल बाहेर पडले, तर मात्र मोठे नुकसान झाले म्हणायचे. धडधाकट शरीर, वेळेवर झोपण्या-उठण्याची सवय आणि पाण्याची आवड घेऊन ते बाहेर पडले, तर साठीतही तलावात उतरेल. प्रशिक्षकांनी "हात चांगला आहे" असे सांगितले, त्या दिवशी हे सगळे बरोबर घेऊनच होकार द्यावा. आणि दर सहा महिन्यांनी एकदा, स्पर्धा नसलेल्या एखाद्या निवांत संध्याकाळी, मुलाला विचारावे, "तुला अजून पोहायला आवडते ना?" उत्तर काहीही आले तरी ते शांतपणे ऐकून घ्यावे.